कलममास्तरांचं गजराचं घड्याळ

"तुम्ही सरकार म्हणून आलात, की शेजारीण म्हणून?"

रघुनाथ मास्तरांचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभे, गळ्यात टेप, शर्टाच्या खिशात निळा खडू. माझ्या हातात देवीच्या लशीची पेटी, डोक्यावर छत्री, आणि सकाळपासून सत्तावीस घरं चालून पायांचे तुकडे पडलेले.

"मी नर्स आहे," मी म्हटलं. "देवी टोचायला आलेय."

"म्हणजे सरकार. मग ओट्यावर बसा, पाणी आणतो. लेखी आहे?"

"काय लेखी?"

"घरात शिरायचा हुकूम."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी पाणी दिलं, पंख्याने वारा घातला, बाही वर करून हातही पुढे केला. "टोचा. माझी हरकत टोचण्याला नाही, आत येण्याला आहे." टोचून घेतलं, धन्यवाद म्हटलं आणि दार लावून घेतलं. मला इतका राग आला की संध्याकाळी मी मुद्दाम पुन्हा गेले, नुसती भांडायला. मास्तरांनी विचारलं, "आता कोण?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "शेजारीण!" तर म्हणाले, "अहो मग आत या की, बाहेर काय उभ्या राहिलात?" आणि गवती चहा घातलेला असा चहा पाजला की भांडण राहूनच गेलं. पुढे पाच वर्षं हेच. दिवसा पेटी घेऊन गेले की ओटा, संध्याकाळी रिकाम्या हाताने गेले की घर.

मी मूळची घाटावरची. साठ सालानंतरच्या त्या वर्षांत माझी बदली तारापूरच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावात झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण या हकिकतीतले हवालदार अजून धडधाकट आहेत आणि मला म्हातारपणी चौकीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. पलीकडे अणुवीजघराचं बांधकाम चाललेलं, रस्त्याने दिवसभर ट्रक आणि हिंदी बोलणारे मजूर. अलीकडे आमचं गाव, त्यात एक दवाखाना, एक पोलीस चौकी, आणि चौकीच्या बरोबर समोर मास्तरांचं शिवणाचं दुकान. मध्ये फक्त बैलगाडीपुरता रस्ता. दुकानामागच्याच खोलीत ते एकटे राहत.

शिंप्याला मास्तर सगळीकडेच म्हणतात. यांना गाव कलममास्तर म्हणायचं. घटनेचं मराठी पुस्तक त्यांच्या मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी असे. त्याला उरलेल्या खाकी कापडाचं कव्हर शिवलेलं, वर पितळी बटण. पानांतल्या खुणा म्हणून पोलिसांच्या मापांच्या चिठ्ठ्या घातलेल्या. त्यामुळे कलम एकवीस वाचायला काढलं की आधी कुठल्यातरी शिपायाची छाती चौतीस निघायची. चौकीचे झाडून सगळे गणवेश मास्तरच शिवत. "सरकारची कंबर मला ठाऊक आहे," ते सांगायचे. "दर वर्षी थोडी वाढते. म्हणून माप घेत राहावं लागतं."

एकदा साखळी नि खुंट्या घेऊन एक सर्व्हेअर त्यांच्या मागच्या अंगणात घुसला. मास्तर टेप घेऊन त्याच्या मागे लागले. "लेखी आणलं नाहीत ना? मग तुम्ही माझं अंगण मोजा, तोवर मी तुमची छाती मोजतो. दोघांनाही अधिकार सारखाच." बिचारा खुंट्या उपटून गेला, पण जाताना दोन शर्टांचं कापड टाकून गेला. मास्तरांनी ते वेळेवर शिवूनही दिले.

आणि त्यांची आणखी एक खोड. रस्त्यावरून कुणीही विचारलं, "मास्तर, किती वाजले?" की हा माणूस हातातलं काम जागच्या जागी सोडायचा. मशीन थांबवायचा, वळून घड्याळात बघायचा, आणि खणखणीत आवाजात वेळ सांगायचा. टोपल्या घेऊन जाणाऱ्या कोळणींना हा मोठाच खेळ सापडला होता. त्यांना भरती-ओहोटीवरून वेळ आमच्यापेक्षा चांगली कळे, तरी पहिली विचारायची, "मास्तर, किती वाजलं?" "साडेनऊ!" दहा पावलांवर दुसरी, "मास्तर, किती वाजलं?" "साडेनऊ!" मग तिसरी. सगळ्याजणी फिदीफिदी हसत पुढे. मला त्यांचा संताप यायचा. मास्तर चिडायचे मुळीच नाहीत. ऐन काजाच्या टाक्यावर सुई थांबवून दहाव्यांदाही तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "साडेनऊ!" मीही पुढेपुढे हसायला लागले, खोटं कशाला बोलू?

ते घड्याळ म्हणजे मुख्य देवस्थान. गजराचं, डोक्यावर दोन वाट्या असलेलं, टिकटिक अशी की शेजारचं मूल दचकून उठावं. गावात कुणालाही पोलिसांनी धरून चौकीत आणलं की मास्तर मशीनवर चादर टाकत, घड्याळ बगलेत मारत आणि रस्ता ओलांडून चौकीच्या ओट्यावर जाऊन बसत. चोर असो, मारामारी केलेला असो, ओळखीचा असो-नसो. "कलम बावीस, पोटकलम दोन," ते हवालदाराला सांगत. "धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. प्रवासाचा वेळ वजा. मी फक्त वेळ बघतोय."

आता गजराचं घड्याळ काही चोवीस तासांचा गजर लावून घेत नाही. बारा तासांनी वाजणारच. म्हणून मास्तर तो दोनदा वाजवत. "पहिली घंटा सरकारला सूचना. दुसरी घंटा नागरिकाचा हक्क."

चिनी लढाईच्या वेळी हवालदाराने त्यांची जिरवलीच होती. सावळाराम हवालदार माझ्याच मुलखातला, मिशाळ, मनाने वाईट नाही, पण आळशी. तो म्हणाला, "मास्तर, आणीबाणी लागली. तुमची कलमं आता बंद." मास्तर घरी आले ते ताप भरल्यासारखे. दोन दिवस दुकान उघडलं नाही, जेवले नाहीत. मी सरकार म्हणून थर्मामीटर नेलं तर ओट्यावरही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी एस.टी. पकडून पालघरच्या वकिलाकडे गेले आणि संध्याकाळी उड्या मारत परत. "बाई, ते देशरक्षणाच्या कायद्याखाली धरलेल्यांपुरतं आहे! चोराला आणि दारूवाल्याला चोवीस तास अजून लागू आहेत!" चोर आणि दारूवाले सुखरूप असल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्या आनंदात त्यांनी मला पेढा दिला.

तर आता पांडू तांडेलाचं सांगते. मास्तर खरे कसे होते ते मला त्याच्यामुळे कळलं.

पांडू आमच्या कोळीवाड्यातला, स्वतःची होडी असलेला सरळ माणूस. वैशाखातला मंगळवार. गुरुवारी त्याच्या जयूचं लग्न. लग्नाची धावपळ असली तरी जाळं थांबत नाही. तेव्हा जाळी सुताची असत, आणि खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून कोळी लोक ती बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळून काढत. मोठं तांब्याचं भांडं, खाली जाळ, आत लालभडक पाणी आणि उग्र आंबूस वास. मी गावात नवी आले तेव्हा ती भांडी बघून मलाही वाटलं होतं, अगं बाई, इथं तर घरोघरी भट्टी! दारूबंदीचे दिवस. आमच्या घाटावर बाभळीची साल आणि भांडं एकत्र दिसलं की अर्थ एकच. सावळाराम हवालदारालाही तोच अर्थ लागला. त्याने भांड्याला लाथ घातली, लाल पाणी स्वतःच्याच हाफपँटवर उडवून घेतलं, उरलेल्यातली एक बाटली भरून पुरावा म्हणून घेतली आणि पांडूला धरून नेलं.

पांडूची बायको हिरूबाय धावत दवाखान्यात आली. "बाय, माझ्या नवऱ्याला नेला गो! जालं उकलत होता तो, दारू नाय ती! परवा लगीन हाय पोरीचं!"

मी हातातली पिचकारी टाकून तिच्याबरोबर निघाले. चौकीपाशी पोचलो तर मास्तर ओट्यावर बसलेलेच. शेजारी घड्याळ. छातीवर खाकी कापडाची चिंधी टाचणीने लावलेली, तिच्यावर खडूने लिहिलेलं: मंगळवार, अकरा.

"हवालदार वेळ लिहून देईना," ते म्हणाले. "म्हणून मीच लावून घेतली."

आत हवालदार खुर्चीवर रेललेला. मी त्याला सालीचं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही सुया टोचा, पोलिसांचं पोलिसांना बघू द्या. फौजदारसाहेब दौऱ्यावर आहेत, शनिवारी येतील. ते ठरवतील. तोवर हा राहील इथं. एवढं काय त्यात? जेवायला घालतोय की."

"शनिवारी?" हिरूबाय किंचाळली. "गुरुवारी पोरगी जाईल माझी! बापाशिवाय तिचं लगीन लावू?"

मास्तरांनी ओट्यावरून न ओरडता सांगितलं, "उद्या अकरा, हवालदार. पालघरला. प्रवासाचा वेळ वजा."

"उद्या मी जाऊ कसा?" हवालदार आता खुशीत आला. त्याला कारण सापडलं होतं. "शिपाई रजेवर. ही हाफपँट रंगली. दुसरी तुमच्याच दुकानात कंबर सैल करायला उसवून पडलीय. सरकारी माणसाने मॅजिस्ट्रेटपुढे लुंगी लावून जायचं का?"

मला तर हर्षच झाला. मी मास्तरांना बाजूला घेतलं. "सापडला बघा! पांडूला सोडत नाही तोवर त्याची पँट देऊच नका. चांगली अडकवून ठेवा."

मास्तर माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी त्यांच्या घरात पेटी घेऊन शिरलेय. "गिऱ्हाईकाची वस्तू अडकवून ठेवायची? कारण न देता? बाई, मग माझ्यात आणि त्या कोठडीत फरक काय राहिला?"

ते रस्ता ओलांडून गेले, उसवलेली हाफपँट घेऊन आले आणि चौकीच्याच ओट्यावर मांडी घालून तिला हातशिलाई घालत बसले. ज्याच्याविरुद्ध बसायचं त्याचीच पँट शिवत! मी म्हटलं, मशीनवर शिवा की, चुटकीसरशी होईल. तर म्हणाले, "इथून हलायचं नाही." कोठडीची झरोक्याएवढी खिडकी त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होती. घड्याळ त्यांनी त्या खिडकीखाली ठेवलेलं. मी संध्याकाळी भाकरी नेऊन दिली तेव्हा सरकारची कंबर निम्मी झाली होती.

रात्री अकराला पहिली घंटा वाजली. मी दोन घरं पलीकडे गाढ झोपेत होते, तरी उठून बसले.

सकाळी सहाला हवालदार बाहेर आला. हातात ती रंगलेली हाफपँट, ओली. रात्रभर साबण लावला, सोडा लावला, दगडावर आपटली. रंग होता तिथेच होता. मास्तरांनी नवी कंबर केलेली पँट त्याच्या हातात दिली आणि ओलीकडे नुसतं बोट दाखवलं.

"दारूचा डाग धुतला की जातो, हवालदार. हा सालीचा. जाळं पाण्यात राहून राहून रंग सोडत नाही, तुमची पँट काय सोडणार?"

हवालदाराने ती पँट उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मग आत गेला, कपडे करून आला, पांडूला बाहेर काढलं आणि म्हणाला, "चला, साडेसातची एस.टी. आहे."

पालघरला काय झालं ते मी पाहिलं नाही. मास्तरांनी सांगितलं ते सांगते, आणि ते खोटं बोलत नसत. बोईसरपर्यंत एस.टी., पुढे गाडी. एकाच बाकावर हवालदार, पांडू आणि मास्तर, मास्तरांच्या मांडीवर पिशवीत घड्याळ. मॅजिस्ट्रेट खुर्चीवर येऊन टेकतात न टेकतात तोच पिशवीतून दुसरी घंटा सुरू झाली. सगळं कोर्ट दचकलं.

"काय वाजतंय ते?" मॅजिस्ट्रेट कडाडले.

मास्तर उठून उभे राहिले. "कलम बावीस, साहेब."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा पुसला म्हणे. मग बाटली मागवली, हुंगली, आणि हवालदाराला विचारलं, "ही दारू आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"आज सकाळपर्यंत होती, साहेब," हवालदार म्हणाला. आणि त्याने पिशवीतून ती ओली हाफपँट काढून सगळ्यांसमोर धरली.

"आपण होऊन काढली, बाई!" मास्तर मला तीनदा सांगून गेले. "मी त्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. कुणाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. कलम वीस. त्याने आपण होऊन दिली! माणूस चांगला आहे, नुसती कंबर सैल झालेली."

पांडू दुपारच्या गाडीने सुटून आला. गुरुवारी लग्न लागलं. कोळीवाडा नुसता दणाणून गेला होता. हवालदारही आला, नव्या कमरेच्या हाफपँटमध्ये, आणि कोळणींनी त्याला रंगीत पँट कुठे ठेवलीस म्हणून जेरीला आणलं. मास्तरांना पहिल्या पंगतीत बसवलं. मी त्यांच्या शेजारी. तेवढ्यात पांडू आला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

मास्तर सवयीने सुरू झाले, "अहो, माझं काय त्यात, ते कलम बावीस, पोटकलम..."

"कलम आमाला नाय समजत, मास्तर," पांडू म्हणाला. "आत काळोख होता. दिवस हाय का रात हाय काय कलेना. पन तुमचं घड्याल आयकू येत होतं. रातच्याला वाजलं तवा समजलो, अर्धं सरलं. बायेर कोनतरी बसलाय माझ्यासाठी. मग झोपलो मी."

 मास्तरांनी ताटाला नमस्कार केला, उठले आणि चालू लागले. मला वाटलं, तब्येत बिघडली. मी हात धुऊन त्यांच्यामागे गेले. ते दुकानात मशीनसमोर बसलेले, मशीन बंद. मी दारात थांबले.

"शेजारीण," मी न विचारताच सांगितलं.

त्यांनी स्टूल पुढे केलं. समोरच्या चौकीच्या खिडकीकडे बोट केलं. एरवी पुस्तकातल्यासारखं बोलणारा माणूस, पण तेव्हा बोलले ते त्यांच्या लहानपणच्या बोलीत.

"इंग्रजांचं राज्य होतं तवा. मला चौकीचं काम नुकतंच मिळालेलं. मिठागरावरचा एक मानूस आनून आत ठेवला. नाव ठाऊक नाय मला. कशासाठी धरला तेही नाय. आत काळोख. त्याला माझं मशीन आयकू यायचं, म्हनून त्या खिडकीतून हाक मारायचा. 'समोर कोन हाय का? भाऊ, किती वाजले?' तेरा दिवस, बाई. रोज तेवढंच विचारायचा. किती वाजले."

"तुम्ही काय सांगायचात?"

"मी मशीन जोरात चालवायचो."

रस्त्यापलीकडून लग्नातल्या ढोलांचा आवाज येत होता. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली.

"काम जाईल म्हनून भ्यालो. चौदाव्या दिवशी त्याने विचारलं नाय. सुटला, कुठं नेला, काय झालं, कोनी सांगितलं नाय. मीही विचारलं नाय. कलमं तर सगळी नंतर आली. पन नुसती वेळ सांगायला कलम लागत नव्हतं."

  मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मग आम्ही दोघं पंगतीत परत गेलो, कारण हिरूबाय स्वतः बोलवायला आली होती आणि तिच्यापुढे कुठल्याच कलमाचं काही चालत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळणी टोपल्या घेऊन निघाल्या. "मास्तर, किती वाजलं?" "सव्वानऊ!" दहा पावलांवर दुसरी. "मास्तर, किती वाजलं?" "सव्वानऊ!" मी दवाखान्याच्या दारात उभी राहून ऐकत होते. दर हाकेला मशीन आधी थांबत होतं. पाच वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि मी हसत होते.

त्या संध्याकाळी मी घरी आले. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, नाडी मोजायचं, मिनिटभरही न चुकणारं. मी ते काढून फळीवर ठेवलं, खिडकी उघडली आणि जोरात ओरडले, "मास्तर, किती वाजले?"

मशीन थांबलं.

"सहाला पाच कमी, बाई!"